सिलेंडरची काळजी नंतर, आधी धाकट्या मामांचे डोळे तपासा

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे पुढचं बोलणं नीट लागेल. विचारणारे तासगावकडचे, वय ३४, सातवीपासून चष्मा, दोन्ही डोळ्यांना सिलिंड्रिकल नंबर (लोक नुसतं सिलेंडर म्हणतात तो), उजव्याला मायनस २.७५ आणि डाव्याला मायनस २.२५, ॲक्सिस १८०. मिसेस म्हणजे सख्ख्या थोरल्या मामांची मुलगी, तिला साधा मायनस १. मुलगा साडेचार वर्षांचा, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसतो, कधीकधी मान तिरकी करून बघतो. कुठल्यातरी लॅबची जाहिरात बघितली, थुंकी पाठवा आणि मुलाच्या डोळ्यांचं पुढचं सगळं कळेल म्हणे, तर ती टेस्ट करावी का, आणि नात्यातलं लग्न म्हणून माझा नंबर मुलाला लागणारच का. दुसऱ्या बाळाचा विचारही चाललाय. आणि मग सगळ्यात शेवटी मामांच्या त्रासाचं थोडं वर्णन आणि ही ओळ, "आमच्या धाकट्या मामांना रात्रीचं कमी दिसतं, बरीच वर्षं झाली, पण त्याचा याच्याशी काही संबंध नसेल."

मी मिरजेत बरीच वर्षं डोळ्यांची प्रॅक्टिस करतोय आणि पेशंट उठून दाराकडे जाता जाता जे सांगतो ते कान देऊन ऐकायचं हे शिकलोय. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं तर ती शेवटची ओळ. सिलेंडरचं मी सांगतोच, पण त्यात घाबरण्यासारखं फार काही नाही. मामांचं मात्र नीट बघायला पाहिजे.

सिलेंडर म्हणजे काय ते आधी. बुबुळाच्या पुढची जी पारदर्शक काच असते, कॉर्निया, तिची गोलाई सगळ्या बाजूंनी सारखी असली तर किरण एका जागी जमतात. तुमच्या डोळ्यात ती चमच्याच्या पाठीसारखी आहे, एका दिशेला जास्त वळलेली आणि दुसऱ्या दिशेला कमी, त्यामुळे एक फोकस पडायच्या ऐवजी दोन पडतात आणि अक्षरांना शेपट्या फुटल्यासारखं दिसतं, समोरच्या गाडीचा हेडलाइट रेघ ओढल्यासारखा दिसतो. तुमच्या कार्डावर ॲक्सिस १८० लिहिलंय तो चष्म्यातल्या सिलेंडरच्या काचेचा अक्ष, आणि लहान मुलं-तरुणांमध्ये ही १८० च्या आसपासची दिशा अगदी कॉमन आहे, वय वाढलं की ती हळूहळू ९० कडे सरकते. म्हणून साठीनंतर लोक म्हणतात डॉक्टरनी नंबर चुकवला, चुकवलेला नसतो, डोळाच बदललेला असतो. जाता जाता एक गंमत, हा दोष पहिल्यांदा नीट मांडला तो थॉमस यंगने १८०१ मध्ये, स्वतःच्याच डोळ्यावर मापं घेऊन, आणि त्यावर सिलिंड्रिकल काच घासून घेतली ती जॉर्ज एअरी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १८२५ च्या सुमारास, त्याला त्याच्या डाव्या डोळ्याने तारे नीट दिसत नव्हते म्हणून. म्हणजे आज ऑप्टिशियन अर्ध्या तासात देतो तो चष्मा एका माणसाच्या वैतागातून आलाय.

आता हा नंबर रक्तातून येतो का. येतो, पण तुम्हाला वाटतं तसा नाही. एकसारखी जुळी आणि वेगवेगळी जुळी यांची तुलना करून बघतात, त्यात सिलेंडरमधला फरक साधारण निम्मा जीन्समुळे असा अंदाज निघतो, काही अभ्यासात त्याहून कमी, काहींत साठ टक्क्यांपर्यंत. साध्या मायनस नंबरचा म्हणजे मायोपियाचा वाटा बराच जास्त निघतो, २००१ साली ब्रिटनमधल्या जुळ्या बायकांवर जो मोठा अभ्यास झाला त्यात ऐंशीच्या वर. पण इथं एक मोठी गफलत होते. निम्मा वाटा म्हणजे माझ्या पोराला पन्नास टक्के चान्स, असं लोक धरून चालतात. तसं अजिबात नाही हो. तो आकडा शंभर-हजार माणसांमधला फरक कशामुळे पडला हे सांगतो, एका घरातल्या एका पोराला काय होणार हे सांगत नाही. आणि एकच जीन असता, बापाकडून आला की आला नाही आला की नाही, तर आम्हालाही सोपं होतं, पण सिलेंडरला तसा एक मालक जीन नाही. २०११ मध्ये सिंगापूरमध्ये चिनी, मलय आणि भारतीय वंशाच्या लोकांवर अभ्यास झाला त्यात ४ नंबरच्या क्रोमोझोमवरचा पीडीजीएफआरए हा जीन कॉर्नियाच्या सिलेंडरशी जोडलेला सापडला, पण त्याचा एकट्याचा जोर थोडाच. मायोपियात तर आता चारशेच्या वर जागा सापडल्यात, प्रत्येकीचा वाटा किंचित. असल्या शेकडो किंचित गोष्टींची बेरीज, त्यात पापण्यांचा दाब, डोळे चोळायची सवय, हे सगळं मिसळून तो कार्डावरचा आकडा तयार होतो.

म्हणून त्या थुंकीच्या टेस्टचं उत्तर सरळ देतो, करू नका. साडेचार वर्षांच्या पोराला सिलेंडर आहे का हे बघायला रेटिनोस्कोप नावाची बॅटरीसारखी एक दांडी आणि काचांचा डबा लागतो, दहा मिनिटं लागतात, आणि ते उत्तर आजचं खरं उत्तर असतं. लॅबवाला सांगणार "सरासरीपेक्षा जास्त शक्यता", त्याचं तुम्ही करणार काय, चष्मा तर त्यावरून बनत नाही.

मुलाला मात्र लगेच दाखवा, या आठवड्यात नाही जमलं तर पुढच्या. टीव्हीजवळ बसतो ही गोष्ट मी फार मनावर घेत नाही, पोरं बसतातच, पण मान तिरकी करतो ही मी मनावर घेतो. तिरका सिलेंडर असला तरी पोरं तशी मान करतात, डोळ्याच्या एखाद्या स्नायूत कमजोरी असली तरी करतात, आणि दोन्ही बघावं लागतं. एक गोष्ट आईबापांना माहीत नसते, तान्ह्या बाळांत सिलेंडर बराच असतो आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत तो आपोआप उतरतो. म्हणून वर्षाच्या बाळाला सिलेंडर सापडला तर आम्ही लगेच चष्मा घालतोच असं नाही. पण चार वर्षांनंतर दीड-दोनच्या वर राहिला तर तो तसाच ठेवणं धोक्याचं, कारण या वयात मेंदू बघायला शिकत असतो आणि डोळ्याने सतत धूसर चित्र पाठवलं तर मेंदू तेवढंच शिकतो, मग पुढे विसाव्या वर्षी कितीही भारी चष्मा घातला तरी शेवटच्या दोन ओळी वाचता येत नाहीत. याला लेझी आय म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत पकडला तर चष्म्याने आणि गरज पडली तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून छान सुधारतो, त्यानंतर कष्ट जास्त आणि फळ कमी. तुम्हाला सातवीत चष्मा लागला म्हणता, मला शंका आहे की तुम्हाला चष्म्यातून सुद्धा ६/६ म्हणजे पूर्ण नजर येत नसणार. ते पण तपासताना विचारून घ्या, कारण तसं असेल तर मुलाच्या बाबतीत उशीर करू नये हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

अंगणवाडी-शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, ते डॉक्टर डोळे बघतात, चांगलं काम आहे, पण ती चाळणी आहे, त्यात "ठीक" आलं म्हणून नंबरची तपासणी झाली असं समजू नका. लहान मुलाचा खरा नंबर थेंब टाकूनच कळतो, कारण पोराचं भिंग इतकं लवचिक असतं की ते जोर लावून नंबर लपवतं.

आता घरच्या समजुती, भराभर सांगतो. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही आणि न लावल्याने जात नाही. गाजर, शेवग्याचा पाला, पपई खायला घाला, पोराला चांगलंच, पण त्याने कॉर्नियाची गोलाई बदलत नाही. डोळ्यात मध, तूप, कांद्याचा रस, कृपा करून नको. मोबाईलमुळे सिलेंडर येत नाही, पण जवळचं काम जास्त आणि बाहेर खेळणं कमी असलं की मायनस नंबर वाढतो हे आता पक्कं आहे, तेव्हा मिसेसचा मायनस १ लक्षात घेता पोराला रोज दोन तास उजेडात बाहेर सोडा, एवढं एकच आईबापाच्या हातातलं आणि फुकटातलं औषध आहे. मुलगी असती तर अजून एक सांगितलं असतं, आजही आमच्याकडे आठवी-नववीच्या मुली येतात, नंबर तीन आणि चष्मा पर्समध्ये, का तर आजी म्हणते चष्मिस पोरीचं लग्न जमत नाही. त्या आजीला मी समोर बसवून नातीच्या नंबराएवढीच पण प्लसची काच डोळ्यासमोर धरून फळा वाचायला लावतो.

सिलेंडरच्या बाबतीत खरी भीती एकाच गोष्टीची, ती म्हणजे केराटोकोनस. कॉर्निया पातळ होत होत पुढे टोकदार होतो आणि सिलेंडर दर सहा महिन्याला वाढतो, ॲक्सिस फिरतो, चष्मा बदलून बदलून माणूस कंटाळतो. हा साधारण बारा-तेरा ते पंचवीस या वयात जोर धरतो. यात घराण्याचा भाग आहे, एका भावाला असला तर दुसऱ्याचा कॉर्निया मशीनवर मापून घ्यावा, पण त्याच्या जोडीला ॲलर्जी आणि डोळे चोळणं. आपल्या भागात याला तोटा नाही, मार्च-एप्रिल लागला की पोरांचे डोळे खाजायला लागतात, द्राक्षबागेतल्या फवारण्या आहेत, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची धूळ आहे, ऊसतोडीच्या वेळचा पाचटाचा धूर आहे, जत्रेतला गुलाल आहे. मुठीने डोळे रगडणारी पोरं मी रोज बघतो आणि रोज ओरडतो. नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरच्या लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी, त्यात शंभरात दोनापेक्षा थोडे जास्त लोक केराटोकोनसमध्ये बसले. अर्थात त्यांनी नुसती ४८ डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात तेच एकक) किंवा त्यावरची वक्रता धरली होती त्यामुळे ती चाळणी जरा सैल म्हणावी लागेल, पण सैल धरूनही आकडा लहान नाही. तुमचा नंबर ३४ व्या वर्षी गेली दहा वर्षं स्थिर असेल तर तुम्हाला ही काळजी नाही, नसेल तर एकदा कॉर्नियाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी करून घ्या. वेळेत सापडलं तर सी-थ्री-आर करता येतं, बी-टू व्हिटॅमिनचे थेंब आणि अल्ट्राव्हायोलेट उजेड देऊन कॉर्निया कडक करतात, त्याने वाढ थांबते, नंबर जात नाही. आधी लोक कॉर्निया बदलायच्या यादीत जायचे, आता त्यातले बरेच वाचतात.

तर आता मामा.

तुम्ही लिहिलंय की धाकट्या मामांना रात्रीचं कमी दिसतं, वय ४६, आधी अंधारात चाचपडायचे, आता दिवसाही दारात ठेवलेली बादली दिसत नाही, अडखळतात, पण समोरचा पेपर वाचतात. हे वर्णन मी पुस्तकात छापावं इतकं नीट केलंय तुम्ही. ए व्हिटॅमिन कमी पडल्याचा रातांधळेपणा असा वर्षानुवर्षं सावकाश वाढत नाही आणि तो औषधाने भराभर उतरतो. हे रेटिनायटिस पिगमेंटोझा असण्याची शक्यता बरीच, आम्ही आरपी म्हणतो, लोकांत "पडदा सुकलाय" म्हणतात. पडद्याच्या कडेच्या पेशी आधी मरतात म्हणून अंधारात आणि बाजूचं दिसणं आधी जातं, मधलं शेवटपर्यंत टिकतं, नळीतून बघितल्यासारखं. जगभरात साधारण चार हजारात एक धरतात, पण मघाशी सांगितलेल्या नागपूरकडच्याच अभ्यासात साडेसातशेत एक निघाला. म्हणजे हा आपल्याकडे फार दुर्मिळ वगैरे नाही, प्रत्येक दोन-चार वाड्या-वस्त्यांत एखादा माणूस असतो ज्याला लोक "ह्याला रात्री दिसत नाय" म्हणून सोडून देतात आणि त्याला कधी कुणी पडदा तपासायला नेत नाही.

आरपी एकाच जीनने होतो पण असे वेगवेगळे ऐंशीच्या वर जीन्स आहेत, आणि घरात तो तीन वाटांनी फिरतो. तुमच्या घराला तिन्ही लावून बघू.

पहिली वाट, आईबाप दोघांतला एकजण आजारी, आणि प्रत्येक पोराला निम्मा चान्स. तुमच्या आजी-आजोबांना म्हातारपणापर्यंत अंधारात नीट दिसत होतं का हे आईला विचारा. दिसत असेल, आणि आई आणि थोरले मामाही ठीक असतील, तर ही वाट बहुतेक नाही.

दुसरी वाट लपलेल्या जीनची. प्रत्येकाकडे प्रत्येक जीनच्या दोन प्रती, एक आईची एक वडिलांची. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते, माणूस पूर्ण ठणठणीत, त्याला कधी कळत पण नाही. दोन्ही बिघडलेल्या आल्या तरच आजार. म्हणजे धाकट्या मामांना या वाटेने झाला असेल तर आजी आणि आजोबा दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत होती. मग त्यांची जी मुलं ठणठणीत आहेत, म्हणजे तुमच्या आई आणि तुमचे सासरे, त्यांच्याकडे ती प्रत लपून असण्याची शक्यता तीनात दोन. त्यांच्याकडून तुमच्याकडे यायची निम्मी, म्हणजे तीनात एक. तसंच मिसेसचं, तीनात एक. दोघांकडे असली तर पोरात दोन्ही बिघडलेल्या जमायची चारात एक. गुणाकार केला की येतं छत्तीसात एक. मामाची मुलगी केली नसती, परक्या घरातली आणली असती, तर हाच आकडा शेकड्यांत एक किंवा त्याहूनही खाली गेला असता. नात्यातल्या लग्नाचा डोळ्यांशी संबंध आहे तो इथं, सिलेंडरमध्ये नाही.

तिसरी वाट एक्स क्रोमोझोमची, बायका वाहतात आणि पुरुष आजारी पडतात. या वाटेने असेल तर तो आजीकडून धाकट्या मामांना आला. आता बघा, थोरले मामा ठणठणीत आहेत, पुरुषाकडे एकच एक्स असतो, त्यामुळे त्यांच्याकडे तो बिघाड नाही, म्हणजे तुमच्या मिसेसला वडिलांकडून तो मिळालेला नाही. मुलाला एक्स मिळतो आईकडून. म्हणजे तुमचा मुलगा या वाटेने सुरक्षित. पण तुमच्या आईकडे तो असू शकतो, तुम्ही वाचलात, आणि तुमची बहीण वाचली का हे माहीत नाही. बहीण असेल आणि तिला मुलगे असतील तर त्यांना अंधारात अडखळतात का हे विचारा. आणि धाकट्या मामांच्या मुलींकडे तो शंभर टक्के गेलेला असणार, मुलांकडे एकाकडेही नाही. त्या मुलींची अजून लग्नं व्हायची असतील तर हे त्यांना आधी कळलेलं बरं, लपवून ठेवण्यासाठी नव्हे, पुढे त्यांच्या मुलग्यांचे डोळे वेळेवर तपासता यावेत म्हणून.

याच एक्सच्या वाटेने रंगांधळेपणा फिरतो, आणि आपल्या भागात तो कुठं उघडा पडतो तर भरतीत. साताऱ्याकडे अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, सांगली-साताऱ्यातली पोरं पहाटे उठून आर्मीसाठी, पोलीस भरतीसाठी पळतात, आमच्या मिरजेत रेल्वेचं जंक्शन म्हणून कुणी लोको पायलटची स्वप्नं बघतं, आणि तीन-चार वर्षं घासून मेडिकलला ठिपक्यांच्या पुस्तकात आकडा दिसत नाही म्हणून बाहेर. इशिहाराचं ते पुस्तक १९१७ पासून आहे, पाच मिनिटं लागतात, सातवी-आठवीतच करून घ्या की. आणि बापाला रंग दिसत नाहीत म्हणून मुलाला दिसत नाहीत असं नसतं बरं का, बाप मुलाला एक्स देतच नाही, ते आईच्या वडिलांकडे किंवा भावांकडे बघा.

परत मूळ मुद्द्यावर. नात्यातल्या लग्नाबद्दल मी पेशंटला कधी झापत नाही. मामाची पोर करायची ही आपली जुनी रीत, जमीन आणि माणसं दोन्ही धरून ठेवायची, सीमेपलीकडे कर्नाटकात तर सख्ख्या मामाशी भाचीचं लग्न लावतात. सख्ख्या आते-मामे भावंडांचे साधारण आठवा हिस्सा जीन्स सारखे असतात, मामा-भाचीचे पाव हिस्सा. कुठल्याही जोडप्याच्या बाळात जन्मतः मोठा दोष असायची शक्यता शंभरात दोन-तीन असते, सख्ख्या मामे-आतेमध्ये त्यात अजून दोन-एकची भर पडते. म्हणजे शंभरात पंच्याण्णव बाळं ठीकच असतात. लोक एकतर याला घाबरून पाप म्हणतात नाहीतर हसून सोडून देतात, दोन्ही बरोबर नाही. पण ज्या घरात लपलेल्या जीनचा आजार आधीच दिसलाय तिथं हे सरासरीचे आकडे लागू होत नाहीत, तिथं आपण वर केला तसा त्या घराचा हिशोब करायचा. बाकी तुमच्याकडे एक सोय झालीय, पोराला काही निघालंच तर तुमच्या आईला सुनेच्या माहेराला नावं ठेवता येणार नाहीत, ते त्यांचंच माहेर आहे.

तर जीन टेस्ट करायचीच असेल तर ती मुलाची नाही, धाकट्या मामांची. हा नियम पक्का धरा, जो आजारी आहे त्याच्यापासून सुरुवात करायची. आधी त्यांचा पडदा थेंब टाकून बघायचा, कडेला हाडाच्या पेशींसारखे काळे डाग दिसतात, फील्डची म्हणजे बाजूचं किती दिसतं ते मापायची टेस्ट करायची, ईआरजी म्हणजे पडद्याचा विजेचा आलेख काढायचा. आजार नक्की झाला तर मग रक्त देऊन आरपीच्या जीन्सचं पॅनल, म्हणजे ते सगळे जीन्स एकदम तपासणारी टेस्ट. दहातल्या पाच-सहा-सात जणांतच नेमका बिघाड सापडतो हे आधीच सांगून ठेवतो, काही रिपोर्टांत "बदल आहे पण त्याचा अर्थ अजून माहीत नाही" असंही येतं, म्हणून रिपोर्ट जेनेटिक काउन्सेलरकडूनच समजून घ्या, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून नको. सापडलं तर मग फक्त तेवढाच बिघाड तुमच्यात आणि मिसेसमध्ये बघायचा, तो खर्चही कमी. दोघांतल्या एकाकडे जरी नसला तर छत्तीसात एकचं जवळजवळ शून्य होतं आणि तुम्ही निवांत झोपा. दोघांकडे निघाला तर प्रत्येक बाळाला चारात एक. मामांना न तपासता थेट पोराची टेस्ट केली आणि "काही सापडलं नाही" आलं तर त्याला काडीची किंमत नाही, कारण काय शोधायचं तेच माहीत नव्हतं. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद, या ठिकाणी जेनेटिक्सचं काम बरीच वर्षं चालू आहे, पण सुरुवात इथंच करता येते, पडदा बघायला चेन्नईला जायची गरज नाही.

उपचाराचं विचाराल म्हणून. जीन थेरपी खरी आहे, डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, पण ती फक्त आरपीई६५ या एका जीनच्या बिघाडावर, आणि दोन डोळ्यांची तिथली किंमत साडेआठ लाख डॉलर. मामांचा बिघाड कुठला हे कळल्याशिवाय तिचं नाव काढण्यात अर्थ नाही. मात्र स्टेम सेलची इंजेक्शनं देऊन आरपी बरा करतो असं सांगणारे पैसे घेऊन बसलेत, द्राक्षाचे आलेले सगळे पैसे तिथं घालून आलेली माणसं मी बघितलीत, तिकडे फिरकू पण नका. पण "उपचार नाही" म्हणून तपासणीच टाळणं हेही चूक. आरपीवाल्यांना मोतीबिंदू लवकर येतो, तो काढता येतो, मधल्या पडद्याला सूज येते, तिला औषध आहे. ऐकायला कमी येतं का तेही विचारा, आरपी आणि बहिरेपणा एकत्र असतो तो वेगळा प्रकार, आणि घरात कुणाला सहावं बोट आहे का हे पण मी विचारतो, लोक हसतात, पण त्याचाही एक वेगळा प्रकार आहे.

दोन गोष्टी मामांसाठी आजच. रात्री मोटारसायकल बंद. गळीत हंगामात आपल्या रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या असतात, चांगल्या डोळ्याच्या माणसाला दिसत नाहीत, त्यांना काय दिसणार. आणि दुसरं, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात नुसता चार्ट वाचता येतो का एवढंच बघत नाहीत, बाजूचं दिसणं ४० अंशांच्या खाली गेलं की अल्पदृष्टी आणि १० अंशांच्या खाली गेलं की अंधत्वात धरतात. म्हणजे पेपर वाचणाऱ्या मामांना सुद्धा सर्टिफिकेट मिळू शकतं, फील्डचा रिपोर्ट घेऊन सिव्हिलमध्ये जा, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो.

काचबिंदू घरात कुणाला असेल तर तेही सांगा, तो सख्ख्या भावंडांत आणि मुलांत बऱ्याच पटींनी जास्त दिसतो आणि शेवटपर्यंत दुखत नाही, चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि नस दरवर्षी बघून घ्यायची.

येताना काय आणायचं ते सांगतो. एका कागदावर तीन पिढ्यांची माणसं काढा, आजी-आजोबा, त्यांची सगळी पोरं, त्यांची पोरं, कुणाचं लग्न कुणाशी नात्यात झालं तिथं दोन रेघा, कुणाला चष्मा किती वयात, कुणाला रात्री दिसत नाही, लहानपणी गेलेली बाळं पण लिहा. हे आईला आणि एखाद्या आत्या-मावशीला बसवून विचारायचं, पुरुषांना यातलं काही माहीत नसतं. आजी आणि आजोबा मुळात एकमेकांच्या नात्यातले होते का हे नक्की विचारा, असतील तर लपलेल्या जीनची वाट अजून पक्की होते. तुमचे जुने चष्म्याचे नंबर असतील तर तेही.

दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय असं लिहिलंय, मामांचे रिपोर्ट यायला दोनेक महिने धरा, तेवढं थांबता आलं तर थांबा, नाही जमलं तर छत्तीसात एकचा हिशोब तुमच्यासमोर आहे, त्यात पस्तीस चांगले पण आहेत. मुलाला आणायचं ते सकाळी आणा, आणि त्याला ताप असेल तर त्या दिवशी नको, थेंबांनी चेहरा लाल होतो, अंग गरम लागतं, मग कशाने काय झालं कळत नाही. कधीकधी थेंबांऐवजी तीन दिवस घरी मलम लावून यायला सांगतो, त्याचा असर दहा-बारा दिवस राहतो, तेवढे दिवस त्याला जवळचं धूसर दिसणार आणि ऊन सहन होणार नाही, तेव्हा शाळेत बाईंना सांगून ठेवा, टोपी घाला, आणि मलम लावलं की तुमचे हात धुवा नाहीतर तुमचीच एक बाहुली मोठी होऊन बसेल.